नियम सातचा अस्सल गावकरी

साईनाथ पाष्टेने आयुष्यातला पहिला आणि शेवटचा कायदा लिहिला तो पहिल्याच बॉलवर दांडी उडाल्यामुळे. जगातले बरेच कायदे असेच कुणाच्या तरी दांडीपायी झाले असणार. पण तिथे मध्ये कमिट्या असतात, त्यामुळे दांडी दिसत नाही.

स्पर्धेचं नाव ‘एक गाव एक संघ चषक’. कोकणातल्या एका तालुक्यातली सोळा गावं, सोळा संघ, आणि सोळाही संघ राहायला ठाणे ते टिटवाळा. गावात मैदानं होती, पण खेळायला माणसं नव्हती. इकडे माणसं होती, पण मैदान शोधायला खडवलीला भातसा नदीच्या काठापर्यंत जावं लागे. तर गेल्या जानेवारीत कातळवडे विरुद्ध हातखोल अशी मॅच लागली. कातळवड्याचा ओपनर साईनाथ, वय तेहतीस, मुक्काम डोंबिवली पूर्व, गार्ड घेऊन उभा राहिला. समोरून हातखोलचा पोपट धावत आला. पुढे काय झालं ते साईनाथने नीट पाहिलेलं नाही. मागे वळला तेव्हा मधला स्टंप विकेटकीपरच्या हातात होता आणि विकेटकीपर तो कुठे ठेवू असं विचारत होता.

हा पोपट म्हणजे हातखोलच्या आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबातला मुलगा. बाप तीस वर्षांपूर्वी पश्चिम नेपाळातून आलेला. पोपटचा जन्म हातखोलचाच, आणि नावही हातखोलच्या एका म्हाताऱ्याने ठेवलेलं, कारण बापाने सांगितलेलं त्याच्या लक्षात राहीना. पुढे तेच कागदावरही चढलं. हातखोलचा मूळ फास्ट बॉलर हॉटेल मॅनेजमेंटसाठी न्यूझीलंडला गेला आणि तिकडेच भांडी घासायला राहिला, म्हणून ऐन वेळी गावाहून पोपटला बोलावलेला. कोकणातून न्यूझीलंडला एक गेला, नेपाळातून कोकणात एक आला, हिशेब चुकता. पण साईनाथच्या दांडीच्या दृष्टीने हा व्यवहार फार अन्यायाचा होता.

साईनाथची मागणी तशी मोठी नव्हती. त्याचे वडील परशुराम हे कातळवडे मंडळाचे संस्थापक. दर वर्षी ते खडवलीला घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि कातळवडे पहिल्याच फेरीत हरलं की खुर्ची घडी होत नाही हे विसरून ती घडी करायचा प्रयत्न करायचे. साईनाथला एकदाच, बाबांच्या डोळ्यांदेखत, कातळवड्यासाठी फायनल खेळायची होती. जिंकला तर कप ग्रामदेवतेच्या देवळात ठेवायचा, हेही बाबांनी नऊ वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. देवळात त्या जागी सध्या ट्यूबलाइटचं रिकामं खोकं होतं.

आता नियम लिहायचं काम साईनाथकडेच का आलं, तर त्याच्या नोकरीमुळे. वागळे इस्टेटमध्ये परशुराम पाष्टे अठ्ठावीस वर्षं ज्या कारखान्यात पंख्याच्या मोटारी गुंडाळत, तो कारखाना एके दिवशी व्हिएतनामला निघून गेला. कारखान्याला व्हिसा लागला नाही. त्याच इमारतीला काचा लावून तिथे एक ऑफिस निघालं, आणि ज्या मजल्यावर बाप मोटारी गुंडाळायचा त्याच मजल्यावर मुलगा एका फार थंड देशात जाऊ पाहणाऱ्या लोकांचे कागद तपासायला बसला. त्या देशात निवडणूक झाली होती. बाहेरच्यांना रोखू असं म्हणणारे निवडून आले, आणि रोखायचं काम फार वाढल्यामुळे त्यांनी ते बाहेर दिलं. साईनाथला नकार द्यायचा अधिकार नव्हता. तो फक्त शेरे मारायचा. त्यातला त्याचा सगळ्यात चालणारा शेरा म्हणजे ‘अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही’. दिवसाला साठ फायली, आणि त्यात हा शेरा चाळीसेक वेळा. खात्री वाटणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं.

स्पर्धा महासंघाचा अध्यक्ष जयेश. हा हातखोलचा, आणि गेली आठ वर्षं कल्याण पूर्वेचा भावी नगरसेवक. गेल्या वर्षी पोपटवर आक्षेप आला तेव्हा याच जयेशने माइक हातात घेऊन पोपट हा हातखोलचा भूमिपुत्र आहे असं ठणकावलं होतं. या वर्षी मात्र बाहेरच्यांची घुसखोरी सहन करणार नाही, असं त्याचंच बॅनर स्टेशनबाहेर लागलं. मत बदललं नव्हतं, वॉर्ड बदलला होता.

डिसेंबरात डोंबिवलीच्या एका हॉलवर सभा झाली. साईनाथने नियम सात वाचून दाखवला. ऑफिसात वापरतो तीच भाषा त्याने मराठीत आणली होती आणि ती फार भारदस्त वाटत होती. खेळाडूची जन्मनोंद गावचीच पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पाहिजे. गेल्या वर्षातले किमान सहा महिने तो प्रत्यक्ष गावात राहिलेला पाहिजे. शेवटी, फॉर्म भरल्यासारखा वाटावा म्हणून, त्याने ऑफिसातलं एक पोटकलमही उचलून चिकटवलं. एखाद्याकडे कागद अपुरे असतील, तर त्याच गावच्या मान्य रहिवाशाने त्याची मुलाखत घेऊन योग्य वाटल्यास त्याला परवानगी द्यावी. जन्म नेपाळचा, शाळा कुठली तर देव जाणे, असा माणूस यात सापडलाच पाहिजे असा त्याचा अंदाज.

सोळा गावांच्या प्रतिनिधींनी हात वर केले. हॉलमध्ये दोनशे माणसं होती, आणि त्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की आपण गावात राहत नाही. येणार कसं? गाव कुठलं विचारलं की हे लोक गावाचं नाव सांगतात. लग्नाच्या पत्रिकेवर, रिक्षाच्या काचेवर, आणि एकाच्या तर दंडावर गावाचं नाव होतं. राहणं ही वेगळी भानगड आहे, हे कुणी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला नियम वाचून दाखवला. प्राची माहेरची कोपरीची, कोळ्यांची. तिच्या खापरपणजोबांचं जाळं ठाण्याच्या खाडीत पडायचं तेव्हा स्टेशन नवं होतं. तिने पापलेट साफ करता करता सगळं ऐकलं.

“हा नियम आमच्या कोपरीला लावला तर तू, तुझे बाबा, समोरचे जोशी आणि खालचा वडापाववाला, सगळ्यांना उचलून न्यावं लागेल,” ती म्हणाली. “मी एकटीच राहीन. चालेल मला.”

“अगं, क्रिकेटचा नियम आहे तो.”

“हो का. मग तू काय खेळणार, रिंगा रिंगा?”

साईनाथला त्यातला अर्थ कळला नाही. बायकोचं बोलणं तो साधारण आठवडाभराने समजायचा, आणि या वेळीही तसंच झालं.

छाननी जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, त्याच हॉलवर. टेबलामागे साईनाथ, समोर बाकीचे एकशे पंचाहत्तर खेळाडू रांगेत, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर. सुरुवात आपल्या गावापासून करावी म्हणून त्याने स्वतःचीच फाइल आधी उघडली. जन्म, डोंबिवली पूर्व. शाळा, डोंबिवली पूर्व. गावातलं वास्तव्य, गणपतीचे चार दिवस, त्यातला दीड दिवस हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये. साईनाथने फाइल मिटली, पुन्हा उघडली. मजकूर तोच होता. मग अकरा वर्षांची सवय हाताला लागलेली, हाताने आपोआप शेरा मारला. स्वतःची फाइल नापास केल्यावर त्याला क्षणभर कामाचं समाधानही वाटलं, आणि त्याची लाज वाटायला दोन मिनिटं लागली.

दुपारी तीनपर्यंत एकशे शहात्तरपैकी एकशे शहात्तर बाद झाले. एकाने गावचा सातबारा आणलेला, पण तो आजोबांचा जन्म सिद्ध करत होता. एकाने देवीची शपथ घेतली. एकाने मालवणी बोलून दाखवलं. तालुका रत्नागिरीचा होता. जयेश स्वतः हातखोलचा जादाचा बारावा खेळाडू म्हणून आलेला, त्याचा जन्म उल्हासनगरचा निघाला. हॉलमध्ये एवढी शांतता पसरली की मागे केटररचा माणूस कांदा चिरत होता ते ऐकू आलं.

नियम मागे घ्यावा असं कुणीतरी हळूच म्हणालं. पण तोवर जयेशने ‘नियम सात, आपली अस्मिता’ अशी चाळीस बॅनर लावली होती, पैकी बारांवर त्याचा स्वतःचा फोटो बॅट घेऊन. तो उठला आणि म्हणाला, माझा बळी गेला तरी हरकत नाही, नियम जगला पाहिजे. याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरला. आता नियम मागे घेणं म्हणजे घुसखोरांना दार उघडणं. घुसखोर कोण हे एव्हाना कुणालाच नक्की सांगता आलं नसतं, पण दार मात्र बंद पाहिजे यावर एकमत होतं.

त्या आठवड्यात साईनाथचा चुलत भाऊ आर्यन याचाही कॅनडाहून फोन आला. सहा वर्षांपूर्वी गेलेला. आता तिकडे घर आहे. सोळा संघांची जर्सी त्याच्याकडूनच आलेली. त्याने नियमाचं फार कौतुक केलं. इकडेही लोक आता हेच म्हणतात, येणं बंद करा, घरं मिळत नाहीत. आणि बरोबरच म्हणतात, असं तो म्हणाला. मी आलो तेव्हा ठीक होतं, तेव्हा जागा होती. मग त्याने विचारलं, कातळवड्याच्या मंडळात माझं आजीव सभासदत्व चालू आहे ना?

मार्ग परशुरामांनी काढला. ते सगळं ऐकून एवढंच म्हणाले, गावात राहणारा माणूस पाहिजे ना, मग गावात फोन करा. सोळाही मंडळांनी आपापल्या गावात फोन केले, आणि सोळाही गावांत फोन उचलला तो बाग राखणाऱ्या नेपाळ्याने. दुसरं कुणी उचलायला होतंच कुठे. त्यांच्या पोरांचे जन्म गावच्या आरोग्य केंद्रात, शाळा जिल्हा परिषदेची, आणि सहा महिने कसले, बारा महिने मुक्काम गावात. नियम सातमध्ये ही पोरं अशी बसली की जणू कुणी त्यांचं माप घेऊनच तो शिवला होता. पण ऐन जानेवारी, आंबा मोहोरलेला, फवारणी चालू. तो आंबा दुबईला आणि लंडनला जायचा, त्यामुळे त्याला क्रिकेट कळत नव्हतं. चौदा गावांतल्या बागवाल्यांनी पोरं सोडली नाहीत. दोनच गावांतून होकार आला. हातखोलचा पोपट, आणि कातळवड्याचा विश्राम.

म्हणजे कातळवडे थेट फायनलमध्ये. नऊ वर्षांत पहिल्यांदा. परशुराम रात्री जेवले नाहीत आनंदाने.

पुढच्या रविवारी सकाळी खडवलीला एवढी गर्दी होती की भजीवाल्याचं पीठ साडेदहालाच संपलं. बाद झालेले एकशे शहात्तर जण नव्या जर्सी घालून दोरीच्या बाहेर. दोरीच्या आत दोन पंच आणि दोन खेळाडू. विश्राम साउद, वय बावीस, रात्रीच्या एसटीने आलेला. कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. कातळवड्यातल्या बंद घरांच्या एकोणतीस किल्ल्या. ठेवून येऊ शकला नाही, कारण त्या ज्याच्याकडे ठेवायच्या असा गावात दुसरा कुणी नव्हता.

साईनाथने त्याला एका बाजूला घेतलं. पोटकलम त्याला आदल्या रात्री अंथरुणात आठवलं होतं. मान्य रहिवाशाने मुलाखत घेऊन परवानगी द्यावी. तो विश्रामला म्हणाला की दोन मिनिटांचं काम आहे, नावाला काहीतरी विचार आणि सही कर, म्हणजे मी तुझ्याबरोबर ओपनिंगला येतो. बाबा बघतायत.

विश्रामने कागद वाचला. सावकाश वाचला. मग टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसला आणि साईनाथला समोर उभं राहायला सांगितलं. दोरीबाहेरचे लोक पुढे सरकले.

“कुणाचे?” विश्रामने विचारलं.

गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारे पहिल्यांदा हेच विचारतात. कुनाचा रं तू? साईनाथ हसला. विश्राम हसला नाही.

“परशुराम पाष्ट्यांचा. वरची वाडी.”

“मधली वाडी. वरच्या वाडीत शितप राहतात. राहायचे.” विश्रामने कागदावर काहीतरी लिहिलं. “घरामागं फणस किती?”

“दोन.”

“एक. दुसरा चार वर्षांपूर्वी पडला, पडवीची कौलं घेऊन. मी फोटो पाठवलेला तुम्हाला. तुम्ही अंगठा पाठवलात.”

साईनाथला तो अंगठा आठवला नाही. दिवसाला तो किती अंगठे पाठवायचा.

“विहिरीचं पाणी कधी आटतं?”

“मे महिन्यात.”

“आटत नाय. पाष्ट्यांची विहीर आजवर आटलेली नाय. घराची किल्ली कुणाकडं असते?”

साईनाथने त्याच्या कमरेकडे बघितलं. “तुझ्याकडे.”

“हे बरोबर,” विश्राम म्हणाला आणि एक टिक केली. मग त्याने पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी परदेशात गोदामात काम होतं म्हणून मीपण अशी मुलाखत दिलेली, असं तो सांगू लागला. सगळे कागद होते. नागरिकत्व नेपाळचं, तिकडे आजवर दोनदा गेलेलो. तर त्यांनी लिहून दिलं, हा परत नेपाळला जाईल याची खात्री वाटत नाही. तसं ते खोटं नव्हतं. परत आलो असतो तर कातळवड्यालाच आलो असतो, पण कातळवडे हा देश त्यांच्या यादीत नव्हता.

कुठल्या देशासाठी मुलाखत दिलीस, हे साईनाथने विचारलं नाही.

“मग माझं काय?” त्याने विचारलं.

“तुम्ही तसे चांगले आहात. पण तुम्ही याल याची खात्री वाटत नाही.” विश्रामने कागद फिरवून त्याच्यासमोर धरला. “फक्त फिल्डिंगचं देतो. या एका सामन्यापुरतं. बॅटिंग नाय. शिमग्याला सात दिवस राहून दाखवा, मग पुढच्या वर्षी बघू.”

साईनाथने वाद घातला नाही. कागद तपासणाऱ्याशी वाद घालून काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो फक्त म्हणाला की बाबांचीही मुलाखत उरकून टाक. विश्राम खुर्चीतून उठला. काकांना काय विचारायचं, म्हणाला, आमच्या घराचा पहिला वासा त्यांनी दिलेला. आणि परशुरामांच्या कागदावर बॅटिंग, बॉलिंग, कीपिंग, सगळ्यावर सही केली. दोरीबाहेर टाळ्या पडल्या. परशुराम सत्तर वर्षांचे होते आणि त्यांनी आयुष्यात बॅट धरली होती ती फक्त दुकानातून आणताना.

कातळवड्याचे बाकीचे दहा जण फणसाचा प्रश्न ऐकूनच मागे सरकले होते. तिकडे हे बघून हातखोलनेही मुलाखती लावल्या, आणि त्यांच्या टेबलावर पोपटने काम फार लवकर संपवलं. त्याने अकरा खेळाडूंना आणि जयेशला एकच प्रश्न विचारला. माझं पूर्ण नाव काय?

जयेश म्हणाला, “अरे पोपट, मला ओळखत नाहीस?”

“ओळखतो. तुमचा बॅनर बांधायला झाडावर मीच चढलेलो. नाव सांगा.”

बाराही जण बाद. पोपट धनबहादूर बोहरा हातखोलचा कॅप्टन, बॅट्समन, बॉलर आणि संपूर्ण संघ झाला.

सहा सहा ओव्हरची मॅच. आधी पोपटची बॅटिंग, एकट्याची. विश्राम बॉलिंगला, दर ओव्हरला बाजू बदलून. परशुराम विकेटकीपर, खुर्चीत बसून, कारण खुर्ची चालत नाही असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि उरलेलं सगळं मैदान साईनाथचं. पोपट मारत होता, साईनाथ धावत होता. दोनदा नदीत उतरून बॉल आणला. तिसऱ्यांदा एक म्हैस बॉलवर बसली, तेव्हा पोपटने नऊ रन पळून काढले. पोपट आणि विश्राम हे मामेभाऊ. दोघांची एकमेकांना शिवीगाळ शुद्ध संगमेश्वरी बोलीत चाललेली, आणि दोरीबाहेरच्या डोंबिवलीकरांना त्यातलं निम्मंच कळत होतं. पोपट एक्केचाळीसवर थांबला, ओव्हर संपल्या म्हणून.

मग कातळवड्याची बॅटिंग. विश्राम आणि परशुराम. परवान्याप्रमाणे साईनाथ दोरीबाहेर बसला, प्राचीने घरून आणलेला डबा उघडत. पण पहिल्याच ओव्हरमध्ये भानगड झाली. पोपट बॉल टाकायचा आणि त्यामागे स्वतःच पळायचा. एकदा बॉल झुडपात गेला तेव्हा विश्रामने तेरा रन काढले आणि परशुरामांना मध्ये पिचवर बसून दम खावा लागला. पोपटने पंचांकडे तक्रार केली, मला माणूस द्या. पंचांनी नियम चाळला. मैदानात उतरायला परवाना पाहिजे. परवाना असलेला मोकळा माणूस सगळ्या खडवलीत एकच होता, आणि तो डब्यातलं सुकट खात होता. त्याचा कागद मागवून वाचला. ‘सदर व्यक्तीस या सामन्यात फिल्डिंग करण्यास परवानगी आहे.’ कुठल्या गावासाठी, ते लिहिलेलं नव्हतं.

जयेशने माइकवर जाहीर केलं की कायदा म्हणजे कायदा. साईनाथने हात धुतले.

“जा,” प्राची म्हणाली. “तिकडे गेलेला माणूस काम करतोच.”

अशा रीतीने कातळवडे मंडळाच्या संस्थापकाचा मुलगा हातखोलसाठी फिल्डिंगला उतरला, कातळवड्याची जर्सी उलटी घालून. आणि त्याला नवल वाटलं ते याचं की तो बरा पळत होता. स्वतःच्या गावासाठी खेळताना नऊ वर्षांत त्याने एकदाही डाइव्ह मारली नव्हती. आता दोन मारल्या. दुसऱ्या डाइव्हला दोरीबाहेरून कुणीतरी ओरडलं, बघा, भाड्याची माणसं कशी जीव तोडून खेळतात. दुसऱ्या बाजूने कुणीतरी म्हणालं, यांच्यामुळेच आपल्या पोरांना संधी मिळत नाही. हा दुसरा आवाज कातळवड्याच्या कॅप्टनसारखा वाटला, पण कॅप्टन तर साईनाथ स्वतःच होता, त्यामुळे ते शक्य नव्हतं.

शेवटचा बॉल. कातळवडे चाळीस, जिंकायला दोन. स्ट्राइकवर परशुराम, कारण आधीच्या बॉलवर विश्रामने एक रन काढला आणि दुसरा काढायला काकांचे पाय आले नाहीत. पोपटने वयाचा मान राखून बॉल हळू टाकला. परशुरामांनी डोळे मिटले आणि अठ्ठावीस वर्षं मोटारी गुंडाळायचं हँडल फिरवलेल्या मनगटाने बॅट फिरवली. बॉल बॅटच्या अगदी मधोमध लागला. असा आवाज त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या बॅटमधून आला नव्हता. तो वर गेला, विजेच्या तारांच्या वर गेला, आणि मग कुठे पडायचं याचा विचार करत खाली येऊ लागला.

खाली साईनाथ होता.

त्याला दोन पावलंही सरकावं लागलं नाही. सोडला असता तर बॉल मागे उतारावर नदीपर्यंत गेला असता, दोन काय वीस रन झाले असते, कप देवळातल्या खोक्याच्या जागी गेला असता, बाबा खुर्ची उघडीच घेऊन घरी आले असते. त्याने पोपटकडे पाहिलं. पोपट कमरेवर हात ठेवून उभा होता. फक्त बघत होता, आणि ती नजर साईनाथच्या चांगलीच ओळखीची होती. रोज साठ फायलींवरून तो स्वतः तशीच फिरवायचा. या माणसाची खात्री वाटत नाही.

साईनाथने झेल घेतला. दोन्ही हातांनी, छातीशी, अगदी पुस्तकात दाखवतात तसा.

हातखोल एका रनाने जिंकलं. दोरीबाहेर कुणाला आनंद करावा की दंगा करावा ते कळेना. जिंकणाऱ्या गावाची माणसंही बादच होती. पोपट पळत येऊन साईनाथच्या पाठीत एक जोरदार थाप मारून गेला. जयेश कप घ्यायला पुढे झाला, पंचांनी त्याला परवाना मागितला.

परशुराम पिचवरून निघाले ते सरळ साईनाथकडे. हातात बॅट तशीच. गर्दीने वाट दिली. म्हातारा पोराला हाणणार असं सगळ्यांना वाटलं, आणि साईनाथलाही वाटलं, म्हणून तो हलला नाही. परशुराम त्याच्यासमोर उभे राहिले. दम लागला होता. उलट्या जर्सीवरून, ढोपराला लागलेल्या मातीवरून, हातातल्या बॉलवरून त्यांनी नजर फिरवली, कातळवड्याच्या पारावर बसून एखाद्या नव्या पोराकडे बघावं तशी.

“कुनाचा रं तू?” त्यांनी विचारलं.

साईनाथने जरा विचार केला.

“मधल्या वाडीतल्या परशुराम पाष्ट्यांचा,” तो म्हणाला. “पण आज हातखोलकडे आहे. कामाला.”

परशुरामांनी मान हलवली. उत्तर बरोबर होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

“मग जेवायलाही तिकडंच बस,” ते म्हणाले, आणि बॅट त्याच्या हातात देऊन आपली खुर्ची उचलायला गेले.

साईनाथ हातखोलच्या पंगतीत बसला. कातळवड्याकडे केटररचा पुलाव होता, हातखोलकडे कोंबडीवडे, पोपटच्या आईने एसटीतून पाठवलेले. तो चौथा वडा घेत असताना विश्राम शेजारी येऊन टेकला आणि जुडग्यातून पाष्ट्यांच्या घराची किल्ली काढू लागला. गंजलेली होती, निघता निघत नव्हती. मग त्याने काहीतरी विचार केला आणि ती तशीच राहू दिली.

“शिमग्याला या आधी,” तो म्हणाला, आणि वडा घ्यायला हात पुढे केला.